चिठ्ठीचं अक्षर तपासायचं करिअर

प्रश्न: मुलगी बारावी सायन्सला आहे, बी ग्रुप (बायॉलॉजी). तिला फॉरेन्सिकमध्ये जायचंय, तेही आत्महत्येच्या चिठ्ठ्या तपासायला. माझा जीव घाबरतो. हे खरंच करिअर आहे का?
– एक आई, दांडिया बाजार, बडोदा

ताई, आधी तुमच्या भीतीबद्दल. लेकीला जवळ बसवून सरळ विचारा, हाच विषय का? तिच्या स्वतःच्या मनात मरणाचे विचार येतात का, हेही विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. उत्तर खटकलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो. नुसतं कुतूहल असेल तर मात्र तिला अडवू नका.

चिठ्ठी सापडली की प्रकरण मिटलं, असं लोकांना वाटतं. पण आत्महत्या करणारी बहुतेक माणसं चिठ्ठी ठेवतच नाहीत. ती नाही म्हणून खून ठरत नाही आणि आहे म्हणून आत्महत्याही सिद्ध होत नाही. शवविच्छेदन, पंचनामा, जबाब यांच्याशी ती पडताळून पाहावी लागते. तिच्यात कुणाचं नाव असलं, तरी तेवढ्यावर तो माणूस दोषी ठरत नाही.

तज्ज्ञ बघतो तो कागद. अक्षर त्याच व्यक्तीचं आहे का? एखादी ओळ मागाहून घातलीय का? डोळ्याला सारख्या दिसणाऱ्या दोन निळ्या शायांपैकी एक इन्फ्रारेडखाली दिसेनाशी होऊ शकते. वहीतलं पान फाडून नेलं तरी खालच्या पानावर पेनाचा दाब राहतो, आणि एस्डा नावाच्या यंत्राने तो वाचता येतो. बोटांच्या ठशांसाठी निनहायड्रिन हे रसायन लावायचं ते या सगळ्यानंतर, कारण त्याने शाई फुटू शकते.

गेलेल्या माणसाकडून नमुना लिहून घेता येत नाही. मग त्याच्या हिशेबाच्या वह्या, बँकेचे फॉर्म, जुनी पत्रं गोळा करायची. तीही त्याच लिपीतली हवीत. आपल्या बडोद्यात एकच माणूस घरी मराठी आणि दुकानात गुजराती लिहितो. चिठ्ठी गुजरातीत असेल तर देवनागरीतली डायरी तुलनेला फारशी उपयोगी नाही. दोन्ही लिप्या हाताखालून गेलेली मुलगी हे चटकन ओळखेल, आणि मला तिची ही मोठीच जमेची बाजू वाटते.

तिला एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवा. कागदपत्रं तपासणाऱ्या या विभागात चिठ्ठ्या थोड्या येतात. चेक, मृत्युपत्रं, करारनामे, खोट्या सह्या यांचंच काम जास्त. त्यात गोडी वाटत असेल तरच यावं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांत सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे, म्हणजे माणसं लागणार आहेत. तरी सरकारी भरती धीरानेच घ्यावी लागते.

शिक्षणासाठी गांधीनगरची नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटी जवळच आहे. २०२० च्या कायद्याने ती राष्ट्रीय झाली. तिथे बारावीनंतर पाच वर्षांचा एकत्रित बीएस्सी-एमएस्सी आहे. माझं मत विचाराल तर आधी इथेच, एम.एस. युनिव्हर्सिटीतून केमिस्ट्रीत बीएस्सी करू द्या. शाई आणि कागद समजायला ती लागतेच. तीन वर्षांनी ओढ तशीच राहिली, तर एमएस्सीला गांधीनगर. प्रवेश परीक्षा आणि पात्रतेच्या अटी त्यांच्या वेबसाइटवर आजच बघून ठेवा, आणि ते काम तिलाच करू द्या.