शॉवर बंद केला तरी थेंब थेंब गळतो, प्लंबर म्हणतो भिंत फोडावी लागेल. घरच्या घरी दुरुस्त होईल का?

होईल. आणि भिंत अजिबात फोडू देऊ नका, निदान आज तरी नाही.

कॉक बंद केल्यावर शॉवरच्या तोंडातून पाच-दहा मिनिटं थेंब पडून थांबत असतील तर तो बिघाडच नाही, भिंतीतून बाहेर येणाऱ्या शॉवरच्या दांडीत अडकलेलं पाणी उतरतं तेवढंच. तासन् तास पडत असतील तर दोष शॉवरमध्ये नसतो, खालच्या कॉकमध्ये असतो. जुना गोल फिरवायचा कॉक असेल तर आतला वॉशर झिजलेला असतो आणि अर्ध्या फेऱ्यात बंद होणारा असेल तर कार्ट्रिज, म्हणजे पाणी उघडबंद करणारा आतला तुकडा, गेलेलं असतं. ते समोरूनच निघतं, हँडल काढायचं, फ्लँज, म्हणजे भिंतीला टेकलेली चकती, सरकवायची, पान्याने स्पिंडल, म्हणजे हँडलबरोबर फिरणारा आतला भाग, बाहेर. जुनं स्पिंडल हातात घेऊनच दुकानात जा, कारण लांबी आणि दाते प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात आणि अंदाजाने आणलेलं बसत नाही. यात भिंत कुठे आली?

भिंत फोडा हे वाचलं म्हणून लिहायला बसले. आमच्याकडे फरशी फोडली गेली होती आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

आम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, बिल्डिंग १९९४ची. २०१६ला बाथरूमच्या जुन्या टाइल्स न काढता वरूनच नवीन टाइल्स लावून घेतल्या, तेव्हा सगळे तेच करत होते. पुढे काही महिन्यांनी खालच्या काकूंच्या छताला ओल दिसायला लागली आणि २०१८पर्यंत रंगाचे पोपडे त्यांच्या बादलीत पडायला लागले. काकू स्वभावाने चांगल्या पण जिन्यात भेटल्या की मान खाली घालावी लागायची मला. माझे धाकटे दीर बिल्डरकडे साइटवर असतात, ते आले, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले वॉटरप्रूफिंग गेलंय, फरशी फोडून नवीन कोबा करायचा. मी म्हटलं भाऊजी, दिवाळीत आपण नऊ दिवस गावाला होतो तेव्हा डाग वाळला होता, म्हणजे चोवीस तास पाण्याने भरलेली लाइन फुटलेली नाही एवढं तर नक्की, आता आठवडाभर शॉवर बंद ठेवून सगळे बादलीने आंघोळ करू, काय होतं ते बघू. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही त्यात पडू नका." मिस्टर काहीच बोलले नाहीत. एक आठवडा थांबा एवढंच मागत होते मी.

बेचाळीस हजार गेले, तीन आठवडे सहा माणसं एका संडास-बाथरूममध्ये. आणि फरशी उकरली तेव्हा मी स्वतः राबिटमध्ये, म्हणजे फरशीखालच्या विटांच्या तुकड्यांच्या भरावात, हात घालून बघितलं, मधलं आणि नहाणीच्या जाळीजवळचं कोरडंठाक, ओलं होतं ते फक्त शॉवरच्या भिंतीला लागून. तेही दाखवलं, कोणी बघितलं नाही. दीड महिन्यात काकूंच्या छताला परत ओल.

मग मी कोणाला विचारलं नाही. दहा दिवस सगळ्यांना बादलीने आंघोळ करायला लावली. फरशीवर पाणी तितकंच पडत होतं तरी डाग फिका झाला, म्हणजे फरशी निर्दोष. नंतर शॉवरची दांडी हाताने फिरवून काढली, पानासुद्धा लागला नाही, दोन आट्यांवर लटकत होती ती! टाइल्सवर टाइल्स लावल्यामुळे भिंत पुढे आली आणि आतला एल्बो, म्हणजे दांडी जिथे बसते तो पाइपाचा वाकडा जोड, खोल राहिला, दांडीचे आटे तिथपर्यंत नीट पोचतच नव्हते. शॉवर चालू केला की थोडं पाणी फ्लँजच्या मागून भिंतीत उतरायचं, दोन वर्षं उतरत होतं. तरी खात्री करावी म्हणून एल्बोला लांब आट्यांचा प्लग घट्ट बसवला, कॉक उघडा ठेवला आणि चार दिवस तसंच राहू दिलं. भिंतीतल्या पाइपात चार दिवस दाबाने पाणी उभं होतं आणि खाली ओल वाढली नाही. म्हणजे पाइप चांगला, दोष फक्त जोडाचा. अर्धा इंची एक्स्टेन्शन निपल, म्हणजे जोड पुढे आणणारा छोटा आट्यांचा तुकडा, आणि टेफ्लॉन टेप आणली, सासूबाईंनी टॉर्च धरला आणि मी बसवलं, सगळं मिळून दीडशेच्या आत. टेप गुंडाळताना आट्यांचं तोंड आपल्याकडे करून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळायची, आठ-दहा वेढे, उलटी गुंडाळली तर घट्ट करताना सुटून येते.

त्यानंतर एकदाही ओल नाही, पावसाळ्यातही नाही. आणि भाऊजी अजून म्हणतात वॉटरप्रूफिंग केलं म्हणून थांबलं, "दोन्ही दोष होते." दोन्ही होते तर वॉटरप्रूफिंगनंतर ओल निम्मी तरी व्हायला हवी होती, तेवढीच परत आली. आणि राबिट कोरडं होतं. साइटवर वीस वर्षं काढली म्हणून डोळ्यांसमोरचं कोरडं राबिट ओलं होत नाही.

हां, हे आधी लिहायला हवं होतं, काही उघडण्याआधी गच्चीवरचा तुमच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करा, खालचा नळ सोडून पाइप रिकामा करा आणि गीझर बंद. जुने लोखंडी पाइप असतील तर जोर लावू नका, गंजलेला आटा आत तुटला तर मात्र खरंच फोडावं लागतं. दांडी फिरवताना आतला एल्बोही फिरतोय असं वाटलं तर तिथेच थांबा आणि माणूस बोलवा. बोअरचं पाणी असेल तर कार्ट्रिजवर पांढरा थर बसतो, कधी कधी रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवूनही काम होतं, नवीन घेण्याआधी करून बघा.

तुमच्या प्लंबरला सांगा, आधी स्पिंडल बदल. तरी भिंतीत ओल आहे म्हणाला तर दांडी काढून प्लग लाव, चार दिवस थांबू. थांबायला तयार नसेल तर दुसरा बघा.