लाओसची राजधानी व्हिएन्तियानला पहिल्यांदा जाताय?

दोन दिवस पुरतात, तिसरा फक्त मेकाँगकाठी बसायला. वाताय विमानतळ शहरापासून जेमतेम चारेक किलोमीटरवर आहे, तेव्हा टॅक्सीवाल्याने 'लांब आहे' म्हटलं तर मान डोलावू नका. शहरात टुकटुकचं भाडं बसण्याआधीच ठरवा, नाहीतर गाडी बोलावायचं 'लोका' ॲप वापरा.

पैशांचं नीट बघा. किप, म्हणजे लाओसचं चलन, त्याच्या नोटांवर शून्यंच शून्यं. १०,००० च्या जागी १,००,००० ची नोट हातातून सहज जाते. दोन्ही वेगळ्या कप्प्यांत ठेवा. उरलेले किप परतण्याआधी तिथेच बदलून घ्या, देशाबाहेर ते सहसा कोणी घेत नाही.

१८१८ चं वाट सी साकेत हे बौद्ध मंदिर सकाळीच बघा, गुडघे-खांदे झाकून. बुद्ध पार्कला, म्हणजे मूर्तींच्या बागेला, तलात साओ बाजाराजवळच्या बसस्थानकावरून १४ नंबरची बस जाते. थायलंडला जोडणाऱ्या मैत्री पुलाशी बरेच जण उतरतात, म्हणून घाईने उतरू नका. पार्क त्याच्या पुढे आहे.

शाकाहारींची खरी परीक्षा पपईच्या कोशिंबिरीत. वरून निव्वळ भाजी, पण उखळात पाडेक, म्हणजे आंबवलेल्या माशांचा रस्सा, आधीच पडलेला असतो. 'मांस नको' म्हणून भागत नाही. कुटायला घेण्याआधीच सांगा: 'बो साय पाडेक, बो साय नाम पा', म्हणजे पाडेक घालू नका, फिश सॉसही घालू नका. सोबत चिकट भात घ्या, हातानेच खातात. आपल्याला काय शिकवायचं!

पुढे उत्तरेला लुआंग प्रबांग शहरी रेल्वेने जाणार असाल तर व्हिएन्तियानचं स्टेशन शहराबाहेर बरंच लांब आहे, भरपूर वेळ हाताशी ठेवून निघा. सामानातला चाकू आणि डिओचा स्प्रे तपासणीत काढून घेतात.