लडाखी बायका तिथंच बाळंत होतात, मग मी का नको?

तुमचा चौथा महिना चालू आहे, नवऱ्याची बदली लेहला झालीय, सासूबाई ‘थंडीत नको जाऊस’ म्हणताहेत आणि तुम्ही विचारताय की लडाखी बायका तिथंच बाळंत होतात, मग मलाच काय होणार? मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, नवऱ्याच्या नोकरीपायी लेहमध्ये दोन वर्षं काढलीत. सासूबाईंचं कारण चुकलंय, सल्ला बरोबर आहे. थंडीला हीटर असतो.

लेह आहे साधारण ३,५०० मीटरवर. हवेत ऑक्सिजन तिथंही २१ टक्केच, पण हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम दोनतृतीयांश. पहिल्या दिवशी माझ्या बोटावरच्या ऑक्सिमीटरने ८८ दाखवलं. नाशकात एवढा आकडा दिसला असता तर मी पेशंटला ताबडतोब भरती केलं असतं. आठवड्याभरात श्वास वाढतो, आकडा थोडा सुधारतो, डोकं दुखायचं थांबतं आणि माणूस म्हणतो, झाली सवय. तुमची गफलत इथंच होतेय. सवय फुप्फुसांना होते, गर्भाशयाच्या रोहिणीला तशी होत नाही.

एरवी गर्भाशयाला मिनिटाला पन्नासेक मिलीलिटर रक्त पुरतं. नवव्या महिन्यात अर्ध्या लिटरहून जास्त लागतं, आणि त्यासाठी ती रोहिणी चांगली रुंदावावी लागते. खालून वर गेलेल्या बाईत ती हवी तेवढी रुंदावत नाही. अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगराळ भागात हे खूप अभ्यासलं गेलंय: दर हजार मीटर उंचीमागे बाळाचं वजन सरासरी १०० ग्रॅमने घटतं. बाळ दिवस भरूनच येतं, पण शेवटच्या तिमाहीत त्याची वाढ मंदावलेली असते. प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणातलं ते घातक बीपी, तेही उंचीवर जास्त.

आता लडाखी बायकांचं. त्यांचा वंश तिबेटी लोकांच्या जवळचा. तिबेटची राजधानी ल्हासा इथं मैदानी भागातून आलेल्या हान, म्हणजे चिनी बायका आणि तिबेटी बायका एकाच उंचीवर राहतात, तरी तिबेटी बाळं वजनाने भरतात, कारण त्या आयांच्या गर्भाशयाकडे रक्त जास्त जातं. हे दहा दिवसांत येत नाही, हजारो वर्षांत येतं. त्यांच्यात ईपीएएस-१ या जनुकाचं एक खास रूप असतं. ते डेनिसोव्हन या नामशेष मानवांकडून आलंय, असं २०१४ साली दिसून आलं. गंमत म्हणजे या रूपामुळे हिमोग्लोबिन वाढत नाही, उलट आटोक्यात राहतं. तुमचं-माझं रक्त वर गेलं की घट्ट होतं, त्यांचं फारसं होत नाही. नेपाळच्या वरच्या मुस्तांगमधल्या तिबेटी वंशाच्या ४१७ बायकांचा अभ्यास २०२४ मध्ये आला. त्यात सर्वाधिक मुलं जन्माला घातलेल्या बायकांचं हिमोग्लोबिन ना जास्त होतं ना कमी, अगदी मधलं. ऑक्सिजनचं प्रमाण मात्र चांगलं होतं.

याची उलट बाजू बोलिव्हियातल्या पोटोसीत दिसली. चांदीसाठी १५४५ मध्ये वसलेलं हे शहर ४,००० मीटरवर आहे. तिथं स्पॅनिश आईबापांचं पहिलं मूल जगायला ५३ वर्षं लागली, असं कालांचा या धर्मगुरूने लिहून ठेवलंय. आसपासच्या मूळ रहिवाशांच्या घरी तोवर पिढ्या वाढत होत्या.

अर्थात लडाखी बायकांचंही सगळं सुरळीत असतं असं नाही. मी पाहिलेली कितीतरी बाळं अडीच किलोच्या आतबाहेर होती. आया शेवटपर्यंत शेतात राबायच्या, हिवाळ्यात ताजी भाजी नाही, अंगात रक्त कमी. आणि हे रक्त कमी असणं रिपोर्टवर लपतं. लेहमध्ये हिमोग्लोबिन साडेअकरा आलं की सगळे निर्धास्त होतात. तिथल्या उंचीसाठी त्यातून सुमारे अडीच ग्रॅम वजा करायचे असतात, म्हणजे खरं नऊच. इथून गेलेल्या दोन मुलींचे असे रिपोर्ट मीच परत वाचायला लावले होते.

तेव्हा बाळंतपण नाशकातच करा. बीपी, रक्त कमी असणं, खाली सरकलेली वार किंवा आधीच्या खेपेला लहान बाळ, यातलं काहीही असेल तर चार दिवसांसाठीसुद्धा वर जाऊ नका. विमानप्रवासाची भीती नको. केबिनमधला दाब फार तर २,४०० मीटरवरच्या हवेइतका उतरतो, तोही काही तासच. बाळ झाल्यावरही घाई नको. खाली जन्मून ल्हासाला नेलेल्या तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांतला रक्तदाब वाढून हृदय थकल्याच्या नोंदी आहेत. वर्षभर तरी थांबा आणि नेण्याआधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

डोहाळजेवणाला नवऱ्यालाच खाली बोलवा. रजेचा अर्ज आत्ताच टाकायला सांगा, हिवाळ्यात लेहची विमानं हवामानामुळे कधी रद्द होतील याचा नेम नसतो.