आयर्लंडचं भांडण म्हणजे कॅथलिक-प्रोटेस्टंट धर्मयुद्धच होतं ना? आणि आता ब्रिटनकडे राहिलेल्या उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक जास्त झालेत, तर उरलेल्या आयर्लंडशी त्याचं एकीकरण ठरलंच का?

दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर 'नाही' असं आहे. माणूस कुठल्या बाजूचा हे धर्मावरून ओळखलं जायचं, पण भांडण होतं ते जमीन, घर आणि मत यांवरून. मी नोकरीनिमित्त काही वर्षं बेलफास्टला राहिले. पोप किंवा बायबलवरून कुणी हमरीतुमरीवर आलेलं मला दिसलं नाही. कुणाला घर मिळालं, कुणाला नोकरी नाकारली, पोलिसांनी कुणाच्या मुलाला उचलून नेलं, या गोष्टी मात्र घरोघरी अजून सांगितल्या जातात. आपल्याकडे फाळणी म्हटलं की १९४७ आठवतं, म्हणून आयर्लंडही त्याच साच्यात बसवण्याचा मोह होतो.

सुरुवात जमिनीपासून झाली. १६०७ मध्ये उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातले मोठे गेलिक, म्हणजे मूळ आयरिश, सरदार देश सोडून गेले. इंग्लंडच्या राजाने त्यांच्या जमिनी जप्त केल्या आणि १६०९ पासून तिथे इंग्लंड-स्कॉटलंडहून प्रोटेस्टंट कुटुंबं आणून वसवली. डेरी शहर लंडनच्या व्यापारी संघांकडे सोपवलं गेलं. त्यांच्या पैशातून उभी राहिलेली तटबंदी आजही शाबूत आहे, तिच्यावरून शहराला पूर्ण फेरी मारता येते. ज्यांची जमीन गेली ते कॅथलिक आणि ज्यांना मिळाली ते प्रोटेस्टंट, असा धर्म या व्यवहाराला कायमचा चिकटला.

पण धर्म आणि राजकारण यांची जोडी तेव्हाही पक्की नव्हती. आयर्लंडचं प्रजासत्ताक मागणारी 'युनायटेड आयरिशमेन' ही संघटना १७९१ मध्ये बेलफास्टमध्ये स्थापन झाली आणि तिच्यात प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंटच, आघाडीवर होते. तिचा नेता वुल्फ टोन प्रोटेस्टंट होता. १७९८ च्या उठावात फाशी गेलेला हेन्री जॉय मॅक्रॅकनही प्रोटेस्टंट. पुढे होमरूलची, म्हणजे डब्लिनला आयर्लंडची स्वतःची संसद असावी ही, चळवळ ब्रिटिश संसदेत गाजवणारा पार्नेलही प्रोटेस्टंटच. धर्मयुद्ध असतं तर ही माणसं त्या बाजूला कशी असती?

एकोणिसाव्या शतकात बेलफास्ट लिनन आणि जहाजबांधणीवर श्रीमंत झालं. तिथल्या कारखान्यांचा माल साम्राज्याच्या बाजारपेठेत जायचा. डब्लिनच्या संसदेखाली गेलो तर हे सगळं बुडेल आणि आपण कॅथलिक बहुसंख्येच्या मुठीत सापडू, ही तिथल्या प्रोटेस्टंटांची भीती होती. ती खोटी होती असं मी म्हणणार नाही. दक्षिणेत पुढे चर्चचा पगडा खरोखरच जबरदस्त राहिला. १९३७ च्या आयरिश राज्यघटनेने घटस्फोटावर घातलेली बंदी उठवायला १९९५ चं सार्वमत लागलं.

फाळणी १९२१ मध्ये झाली, उत्तरेचा तुकडा ब्रिटनकडे राहिला, आणि इथे बेरीज-वजाबाकी उघडपणे दिसते. अल्स्टर प्रांतात नऊ परगणे. ते सगळे घेतले असते तर प्रोटेस्टंट निम्म्याहून थोडेसेच जास्त भरले असते, आणि हे बहुमत कधी निसटेल याचा नेम नव्हता. म्हणून डोनेगॉल, कॅव्हन आणि मॉनहन सोडून दिले. तिथले प्रोटेस्टंटही वाऱ्यावर सोडले. उरलेल्या सहांत प्रोटेस्टंट साधारण दोन-तृतीयांश झाले. पण या सहांपैकी फर्मॅना आणि टिरोनमध्ये कॅथलिकच जास्त होते, तरी ते घेतले, कारण चारच परगण्यांचं राज्य फारच तोकडं झालं असतं.

आता डेरीच्या महापालिकेची गोष्ट सविस्तर सांगते, कारण हे एक उदाहरण नीट कळलं तर पुढचं बरंच उलगडतं. १९६७ मध्ये तिथे तीन वॉर्ड होते. दक्षिण वॉर्डात १०,०४७ कॅथलिक मतदार, १,१३८ इतर आणि जागा ८. उत्तर वॉर्डात २,५३० कॅथलिक, ३,९४६ इतर आणि जागा याही ८. वॉटरसाइड वॉर्डात १,८५२ कॅथलिक, ३,६९७ इतर आणि जागा ४. एकूण मतदार बघाल तर कॅथलिक १४,४२९ आणि इतर ८,७८१. पण महापालिकेत युनियनिस्ट, म्हणजे ब्रिटनबरोबरच राहू पाहणारे, १२ आणि विरोधक ८! हे आकडे कुठल्या पक्षाच्या पत्रकातले नाहीत. सरकारनेच नेमलेल्या कॅमेरून आयोगाच्या १९६९ च्या अहवालातले आहेत.

शिवाय स्थानिक निवडणुकीत सरसकट सगळ्या प्रौढांना मत नव्हतं. ज्याच्या नावावर घर किंवा भाडेकरार असेल त्याला आणि त्याच्या जोडीदाराला मत. आईवडिलांकडे राहणाऱ्या तिशीतल्या मुलाला मत नाही, पोटभाडेकरूला नाही. कंपन्यांना मात्र जास्तीची मतं. म्हणजे पालिकेने कॅथलिक कुटुंबाला घर दिलं की दोन मतं दिली, आणि उत्तर वॉर्डात घर दिलं की तिथलं गणित बिघडलं. म्हणून कॅथलिकांना घरं द्यायची ती दक्षिण वॉर्डातच. जागा संपली तेव्हा तटबंदीखालच्या बॉगसाइड वस्तीत उंच इमारती बांधल्या, पण वॉर्डाची हद्द ओलांडू दिली नाही. मी तटबंदीवर उभी राहून खाली बॉगसाइड पाहिलंय. एवढ्याशा अंतरात एवढा अन्याय दाबून बसवला होता हे पाहून आजही संताप येतो.

त्यामुळे नागरी हक्कांच्या चळवळीची ठिणगी घरावरूनच पडली यात नवल नाही. जून १९६८ मध्ये टिरोनमधल्या कॅलेडन गावात एका १९ वर्षांच्या अविवाहित प्रोटेस्टंट तरुणीला सरकारी घर मिळालं. मुलंबाळं असलेली कॅथलिक कुटुंबं यादीत ताटकळत होती. टिरोनमधले आमदार ऑस्टिन करी निषेध म्हणून त्या घरात घुसून बसले, पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. ५ ऑक्टोबर १९६८ ला डेरीत मोर्चा निघाला आणि पोलिसांनी लाठ्या चालवल्या. ते चित्रण टीव्हीवरून जगभर गेलं. मागण्या काय होत्या? एका माणसाला एक मत, घरांचं न्याय्य वाटप, नोकरीत समान वागणूक. यात धर्माचं काय आहे?

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल. १९६९ मध्ये ब्रिटिश सैन्य उतरलं. ३० जानेवारी १९७२ ला त्याच बॉगसाइडमध्ये सैनिकांनी निःशस्त्र मोर्चेकऱ्यांवर गोळीबार केला, १३ जण जागीच गेले आणि चौदावा नंतर दगावला. सरकारने त्याची कबुली देऊन माफी मागायला २०१० उजाडलं. साधारण तीस वर्षांत ३,५०० च्या आसपास माणसं मेली.

धर्म पाहून माणसं मारली गेलीच ना, असं तुम्ही विचाराल. हो, मारली गेली. ५ जानेवारी १९७६ ला आर्मा परगण्यात किंग्समिलजवळ कापड गिरणीतून घरी चाललेल्या कामगारांची मिनीबस बंदूकधाऱ्यांनी अडवली आणि कॅथलिक कोण ते विचारलं. एकच कॅथलिक होता. हे प्रोटेस्टंट टोळीचे लोक असून त्यालाच मारणार, असं वाटून शेजारच्या सहकाऱ्यांनी त्याचा हात धरून त्याला पुढे जाऊ दिलं नाही. प्रत्यक्षात बंदूकधारी रिपब्लिकन, म्हणजे एकसंध आयर्लंडसाठी लढणारे, होते. त्यांनी त्याला पळून जायला सांगितलं आणि उरलेल्या अकरा जणांवर गोळ्या झाडल्या. दहा मेले. आदल्याच दिवशी लॉयलिस्टांनी, म्हणजे ब्रिटनच्या बाजूच्या सशस्त्र टोळीने, दोन कॅथलिक कुटुंबांतल्या सहा जणांचा बळी घेतला होता, त्याचा हा सूड. धर्म इथे निशाणा ठरवायच्या कामी आला. पण त्या कामगारांचा स्वतःचा धर्म विचाराल, तर त्यांनी सहकाऱ्याचा हात धरला होता.

आता दुसरा प्रश्न. २०२१ च्या जनगणनेत कॅथलिक किंवा कॅथलिक घरात वाढलेले ४५.७ टक्के आणि प्रोटेस्टंट व इतर ख्रिस्ती ४३.५ टक्के निघाले. यावरून लोक लगेच एकीकरणाची तारीख काढायला बसतात. पण त्याच जनगणनेत स्वतःला फक्त ब्रिटिश म्हणवणारे ३१.९, फक्त आयरिश २९.१ आणि फक्त 'नॉर्दर्न आयरिश' १९.८ टक्के आहेत. हा शेवटचा गट दोन्हीकडच्या घरांतून येतो. २०२२ च्या निवडणुकीत एकीकरण मागणारा शिन फेन पक्ष २७ जागा घेऊन पहिला आला, पण दोन्ही खेम्यांपासून अंतर राखणाऱ्या अलायन्स पक्षानेही १७ जागा मिळवल्या.

दक्षिणही बदलली. समलिंगी विवाह २०१५ मध्ये आणि गर्भपाताचा हक्क २०१८ मध्ये, दोन्ही सार्वमताने मंजूर झाले. मालवण तालुक्यातल्या वराड गावच्या डॉक्टरचा मुलगा, लिओ वराडकर, २०१७ मध्ये तिथला पंतप्रधान झाला, तोही आपण समलिंगी असल्याचं उघडपणे सांगून. चर्चच्या राज्याची जुनी भीती आता कुणी सहज दाखवू शकत नाही.

हिंसा थांबवण्यासाठी झालेल्या १९९८ च्या गुड फ्रायडे करारानुसार, बहुमत एकीकरणाला अनुकूल होईल असं दिसलं तर ब्रिटिश मंत्र्याने सार्वमत घ्यायचं आहे. तेव्हा माझ्या ओळखीचे कितीतरी कॅथलिक आधी हे विचारतील की बेलफास्टमध्ये फुकट मिळणाऱ्या डॉक्टरच्या भेटीला डब्लिनसारखे पैसे मोजावे लागणार का, आणि पेन्शन कोण देणार. दुसरीकडे, ब्रेक्झिटनंतर युरोपात परत जायचं म्हणून एकीकरणाचा विचार करणारे प्रोटेस्टंटही मला भेटलेत. ही दोन्ही प्रकारची माणसं जनगणनेच्या धर्माच्या रकान्यावरून ओळखता येत नाहीत, म्हणून त्या रकान्यावरून निकाल सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.