बास्केटबॉलमध्ये फाऊल दिल्यावर पंच एवढे हातवारे का करतात?

शिट्टीने फक्त खेळ थांबतो. फाऊल कोणाचा, कोणता आणि पुढे काय, हे स्कोअररच्या (गुण आणि फाऊलची नोंद ठेवणाऱ्याच्या) टेबलापर्यंत हातांनीच पोचवावं लागतं. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमपुस्तकात या खुणा चित्रांसह दिल्या आहेत. शिट्टीबरोबर मूठ वर गेली तर फाऊल, उघडा पंजा वर गेला तर ट्रॅव्हलिंगसारखं (चेंडू न टप्पावता जास्त पावलं टाकण्यासारखं) उल्लंघन. मग पंच टेबलासमोर ठरलेल्या क्रमाने सांगतो: खेळाडूचा नंबर, फाऊलचा प्रकार, शेवटी फ्री थ्रो किती किंवा चेंडू कोणत्या दिशेने.

- दोन्ही हात कमरेवर: ब्लॉकिंग (प्रतिस्पर्ध्याची वाट चुकीच्या पद्धतीने अडवणं)
- मूठ दुसऱ्या तळहातावर: चेंडू घेऊन चार्जिंग (बचाव करणाऱ्यावर जाऊन आदळणं)
- दोन हातांचा टी: टेक्निकल (गैरवर्तनासारखा, अंगाला धक्का न लागता झालेला फाऊल)
- हात वर नेऊन मनगट धरलं: अनस्पोर्ट्समनलाइक (खिलाडूवृत्तीला न शोभणारा फाऊल)

यातला नंबर सर्वांत महत्त्वाचा. पाचव्या फाऊलला खेळाडू बाद होतो, त्यामुळे नोंद दुसऱ्याच्या नावावर गेली तर सरळ अन्याय होतो. म्हणूनच 16 पासूनचे नंबर दोन टप्प्यांत दाखवतात: आधी हाताची मागची बाजू टेबलाकडे करून दशक, मग पंजा फिरवून एकक. नवीन पंचांनी हे आरशासमोर घोटवावंच.

हे सगळं फिबाच्या नियमांप्रमाणे. एनबीएमध्ये (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये) काही खुणा वेगळ्या आहेत आणि तिथे खेळाडू सहाव्या फाऊलला बाद होतो.