मिशनरी जोडपी परदेशी निघायची, तेव्हा बायकोला कुणी विचारायचं का?

तुमचा प्रश्न असा, की जुन्या काळी गोरे मिशनरी सहकुटुंब यायचे, तेव्हा त्यांच्या बायका मर्जीनं यायच्या की नवऱ्यामागून फरफटत. सरसकट उत्तर देता येणार नाही. १८१२ साली अमेरिकेतून निघालेल्या पहिल्या तुकडीबद्दल मात्र बरंच माहीत आहे. तिच्यातलेच काही जण मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. आम्ही नगरकडचे ख्रिस्ती, त्यामुळे ही नावं लहानपणापासून कानावर आहेत.

या मंडळींचं लग्न आणि मिशन एकाच मागणीत ठरलं. अ‍ॅडोनिराम जडसन या तरुणानं मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॅडफर्डच्या अ‍ॅन हॅसेल्टाइनला मागणी घातली, तेव्हा तिच्या वडिलांना पत्र लिहिलं. होणारा जावई सासऱ्याला आपली मिळकत सांगतो, घराणं सांगतो. यानं विचारलं की या जगात ती पुन्हा दिसणार नाही, हे जाणून तुम्ही तिला निरोप द्याल का? समुद्राचे धोके, हिंदुस्थानची जीवघेणी हवा, हाल, अपमान, कदाचित घातपाती मरणसुद्धा, हे सगळं तिच्या वाट्याला येईल, चालेल का? मला तरी मुलीची इतकी सरळ मागणी दुसरी माहीत नाही. वडिलांनी निर्णय तिच्यावरच सोडला. ती तेव्हा वीस वर्षांची. ओळखीतल्या बऱ्याच जणांना हा शुद्ध वेडेपणा वाटला. तिनं होकार दिला.

५ फेब्रुवारी १८१२ ला लग्न, दुसऱ्या दिवशी सेलमच्या चर्चमध्ये पाच तरुणांना डोक्यावर हात ठेवून पाळकपदाची दीक्षा, १९ ला 'कॅरव्हान' जहाज सुटलं. दीक्षा अर्थात पुरुषांनाच! बायकांनी तेवढाच समुद्र ओलांडला, पण त्यांच्या डोक्यावर कुणी हात ठेवला नाही.

अ‍ॅन नवऱ्याच्या होला हो करणारी होती का? प्रवासात जडसन बाप्तिस्म्याविषयी वाचत बसला आणि त्याचं मत बॅप्टिस्टांकडे, म्हणजे तान्ह्या मुलांना नव्हे तर समजून विश्वास ठेवणाऱ्यालाच बाप्तिस्मा द्यावा असं मानणाऱ्या पंथाकडे, झुकू लागलं. तिनं साफ सांगितलं, तू बॅप्टिस्ट झालास तरी मी होणार नाही. मग कलकत्त्यात तिनं स्वतः पुस्तकं घेऊन अभ्यास केला, आणि पटल्यावरच दोघांनी बाप्तिस्मा घेतला. यात ज्या मिशन बोर्डानं (मिशनरी पाठवणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेनं) पाठवलं त्याच्याशी नातं तुटलं, म्हणजे हातातला पगारही गेला.

ईस्ट इंडिया कंपनीला हे पाहुणे नकोच होते. कलकत्त्यातून हुसकल्यावर याच तुकडीतली हॅरिएट न्यूवेल नवऱ्यासोबत मॉरिशसकडे निघाली. मूल जहाजावरच जन्मलं आणि काही दिवसांत गेलं. ३० नोव्हेंबर १८१२ ला तीही गेली, जेमतेम एकोणीस वर्षांची. तिची रोजनिशी आणि पत्रं अमेरिकेत छापली गेली. ती वाचून मुली घाबरून घरी बसल्या असतील असं आपल्याला वाटतं, झालं उलटंच.

जडसन दांपत्य १८१३ मध्ये रंगूनला पोचलं. १८२४ मध्ये ब्रह्मदेश आणि इंग्रज यांच्यात युद्ध पेटलं, आणि ब्रह्मदेशाची तेव्हाची राजधानी आवा इथं जडसनला बेड्या पडल्या. गरोदर अ‍ॅन अधिकाऱ्यांचे उंबरे झिजवत होती, तुरुंगात जेवण पोचवत होती. एकदा तिनं म्हशीचं मांस आणि केळी घालून गावाकडच्यासारखा 'पाय' (pie, सारण भरून भाजलेला पदार्थ) करून पाठवला. पण घरची आठवण येऊन त्याला तो खाताच आला नाही. बायबलच्या बर्मी भाषांतराचं हस्तलिखितही तिनं उशीत शिवून लपवलं. तो सुटला; ती १८२६ मध्ये तापानं गेली, वय छत्तीस.

याच तुकडीतला गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईकडे एकटा आला, सॅम्युएल नॉट पत्नी रोक्साना हिच्यासह. नॉट जोडपं तब्येतीमुळे १८१५ मध्ये परत गेलं. हॉलनं १८१६ मध्ये मुंबईतच लग्न केलं. १८२५ मध्ये पत्नी दोन मुलांना घेऊन अमेरिकेला निघाली. तो मागे राहिला आणि पुढच्याच मार्चमध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीनं वारला.

तेव्हा मर्जी विचारली जायची, निदान या तुकडीत तरी. होत नव्हती ती बाईची स्वतंत्र नेमणूक: जायचं असेल तर आधी जायला निघालेला नवरा शोधायचा. त्याला अपवाद ठरली सिंथिया फरार. ती १८२७ च्या अखेरीस मुंबईत उतरली, अविवाहित, मुलींच्या शाळांसाठी. नगरला तिनं चालवलेली मुलींची शाळा बघायला पुढे जोतीराव फुले गेले होते.