टार्गेट (म्हणजे पडद्यावर शोधायची गोष्ट) वारंवार एकाच भागात आलं तर लक्ष तिकडे आपोआप वळतं का? कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये हे कसं तपासायचं?

वळतं, आणि बहुतेकदा माणसाला त्याचा पत्ताही नसतो. मानसशास्त्रज्ञ मायकेल पोझ्नर यांच्या १९८०च्या प्रसिद्ध प्रयोगांत मधला बाण बाजू सांगायचा आणि तो ८० टक्के वेळा खरा ठरायचा. नजर मध्यावरच ठेवूनही खऱ्या बाजूला प्रतिसाद लवकर यायचा, खोट्या बाजूला उशिरा. पण तिथे जागा उघड सांगितलेली होती. तुमचा प्रश्न न सांगता लागणाऱ्या सवयीचा आहे, म्हणून मांडणी वेगळी हवी. मानसशास्त्रज्ञ युहाँग जियांग यांच्या पद्धतीवर ती बेतता येईल.

पडद्याचे चार भाग करा. प्रत्येकात तीन अक्षरं, म्हणजे एकूण १२: वेगवेगळ्या कोनांत फिरवलेले ११ इंग्रजी ‘एल’ आणि एक आडवा ‘टी’. टीचा दांडा डावीकडे आहे की उजवीकडे, एवढंच बटण दाबून सांगायचं. एलच्या दोन रेघांचा सांधा किंचित सरकवा, नाहीतर टी चटकन उठून दिसतो आणि जागेचा फायदा मोजायला वावच राहत नाही. दर २४ फेऱ्यांत टी एका भागात १२ वेळा, बाकी तिन्हींत ४-४ वेळा. दांड्याची दिशा मात्र प्रत्येक भागात निम्मी-निम्मी ठेवा. टी जास्त वेळा येणारा हा ‘जास्तीचा भाग’ सहभागींमध्ये आलटून पालटून द्या, कारण अनेकांना मुळातच वरून, डावीकडून शोधायची खोड असते.

खरा घोळ होतो तो विश्लेषणात. टी लागोपाठ त्याच भागात येण्याची शक्यता जास्तीच्या भागात साधारण दोनात एक, इतर कुठल्याही भागात त्याहून बरीच कमी. नुकतंच जिथे सापडलं तिथे पुन्हा लवकर सापडतंच, मग तुम्ही ज्याला शिकणं म्हणताय ती नुसती पुनरावृत्तीही असू शकते. वॉल्थ्यू आणि गिलख्रिस्ट या संशोधकांनी २००६ मध्ये अशा प्रयोगांवर नेमका हाच आक्षेप घेतला होता. टी लागोपाठ त्याच भागात आलेल्या फेऱ्या गाळून पुन्हा हिशेब करा, पण माझ्या मते तेवढ्यावर थांबू नका. शेवटी २४ फेऱ्यांचे काही संच असे ठेवा की टी चारही भागांत समान, ६-६ वेळा येईल, कुणाला न सांगता. जियांग यांच्या प्रयोगांत जुन्या भागाचा फायदा तिथेही टिकून राहिला. नुसत्या पुनरावृत्तीने तो टिकला नसता.

चुकलेल्या फेऱ्या वगळून प्रत्येक भागासाठी प्रत्येक सहभागीच्या प्रतिक्रियाकालाचा मध्यक (मीडियन, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत) काढा. सरासरी घेतलीत तर चारदोन रेंगाळलेल्या फेऱ्या ती ओढून नेतात.

या प्रयोगात डोळे मोकळे फिरतात. त्यामुळे ‘नजर न हलवता लक्ष वळलं’ असं अहवालात लिहू नका. त्यासाठी आय-ट्रॅकर, म्हणजे नजर टिपणारं यंत्र, लागेल. टी एका भागात जास्त येतो याचं भान होतं का, हे सगळं संपल्यावर विचारा. आधी ‘टी सगळीकडे सारखाच येत होता का?’ हे, मग उत्तर काहीही असो, एक भाग निवडायलाच लावा. अंदाजानेही चारात एक बरोबर येणारच, तुलना त्याच्याशी करायची.